मोगऱ्याखालची तालमीची माती

यंदा होळी होऊन आठवडाही झाला नाही तोच ऊन अंगावर आलं. सकाळी शाळेला निघाले तेव्हा गच्चीवरची जास्वंद ताठ उभी होती. दुपारी परतले तर तिनं मान टाकलेली. पिशवी जिन्यातच ठेवून मी तशीच वर गेले. हिरवी जाळी ओढून बांधली, कुंड्या भिंतीच्या सावलीला सरकवल्या. ऊन उतरल्यावर पाणी घालायला गेले आणि सवयीनं आधी एकेका कुंडीत बोट खुपसलं. पहिलं पेर, दुसरं पेर, मग अख्खं बोट. शेजारच्या गच्चीवर वाळलेले पापड गोळा करणाऱ्या बाई थांबून बघत होत्या.

"मॅडम, झाडांचा ताप बघताय व्हय?"

मी हसले. काय सांगणार? वरून चिंब दिसणारी माती आत किती कोरडी असू शकते, हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पण ऊन चढू लागलं, मातीवर पाणी पडल्याचा वास आला, की तो धक्का अजून अंगातून जातो. जिन्यात दिवा गेल्यावर पुढची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा.

आमचं घर पेठेच्या टोकाला, एका बोळाच्या तोंडाशी होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी आणि पडवीपुढं बाजा टाकून झोपता येईल एवढं अंगण. त्या अंगणात, शेजारच्या भिंतीलगत, आईचा मोगरा. आई नेसरीची. लग्नानंतर पहिल्या पंचमीला माहेरी गेली, ती येताना दुधाच्या किटलीत माती भरून, तीत मोगऱ्याची फांदी रोवून, किटली मांडीवर धरून एस.टी.नं कोल्हापूरला आली. घरातली भांडी आण्णांच्या घरची, देव त्यांचे, आडनावही त्यांचंच. मोगरा तेवढा तिचा होता.

आणि मोगराही असा, की चैत्र लागला की बोळ त्याच्या ताब्यात. संध्याकाळी कामावरून परतणारी माणसं आमच्या दाराशी आली की उगीचच सावकाश चालायची. लग्नाला निघालेल्या मुली गजऱ्यासाठी यायच्या, आई त्यांच्या केसांत गजरा माळून पाठीवर एक थाप द्यायची. नवख्या माणसानं कुणाचं घर विचारलं तर बोळातली पोरं सांगायची, "पावणं, मोगऱ्याच्या घरावरनं डाव्या हाताला." आमच्या आडनावानं आमचं घर कुणी ओळखत नसे, आणि याचं आण्णांना कधी वाईट वाटल्याचं मला आठवत नाही.

आण्णा म्हणजे माझे वडील. उमेदीत पैलवान होते, पुढं गूळ मार्केटात हमाली केली. कुस्ती सुटली तरी तालीम सुटली नाही. पहाट झाली की ते तालमीत. कुस्तीचा हौद, म्हणजे मातीचा आखाडा, खणायचा, माती वरखाली करायची, चाळायची. ज्यांनी ती माती पाहिली नाही त्यांना सांगितलं तर खोटं वाटेल, इतके तिचे लाड असत. तांबडी माती मैद्यासारखी चाळून घ्यायची, तीत ताक ओतायचं, लिंबं पिळायची, हळद, कापूर, आणि तेल. डबेच्या डबे तेल. त्या मातीत पडलेल्या पोराला खरचटलं तरी पिकत नाही, असं आण्णा सांगायचे. हौदात उतरण्याआधी ते ती चिमूटभर कपाळाला लावत. घरी आले की त्यांच्या अंगाला हळदीचा आणि आंबूस ताकाचा वास येई. माझ्या लहानपणाचा तो वास आहे. आईनं मात्र तो हौद कधी पाहिलाही नव्हता. बाईमाणसानं तालमीच्या उंबऱ्याच्या आत जायचं नाही, अशी तिथली रीत. आण्णांचं निम्मं आयुष्य त्या उंबऱ्याच्या आत गेलं आणि ती पंचवीस वर्षं बाहेरून त्यांचे लंगोट धूत राहिली.

त्या वर्षी फाल्गुनात तालमीत मॅट आली. आता मोठ्या कुस्त्या मॅटवर होतात, पोरांना मॅटची सवय पाहिजे, असं ठरलं, आणि त्यात चूकही काही नव्हतं. हौद रिकामा करून बुजवून वर फरशी करायची होती. माती उचलायला ट्रॅक्टरची ट्रॉली आली. आण्णा त्या दिवशी घरी आले आणि पडवीत उभेच राहिले. आईनं विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

"हौद गेला," ते म्हणाले.

माझ्या वडिलांना मी मार खाऊन आलेलं पाहिलं होतं, खांद्यावर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहून मान आखडलेलं पाहिलं होतं. पण असं, घरात आल्यावर कुठं बसायचं ते सुचत नाही असं, कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पाठीवरून पोती घेऊन आले. ट्रॉली कुठं तरी खड्डा बुजवायला चालली होती, ती निघायच्या आधी त्यांनी जेवढी जमली तेवढी माती भरून घेतली होती. खेप करून आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. अंगणात तांबडा ढीग झाला.

"एवढी माती करायची काय?" आई म्हणाली.

"तुझ्या मोगऱ्याला घालतो. बघ की कसा फुटतोय. असली माती कुठल्या झाडाच्या नशिबाला आली न्हाय आजवर."

आई ढिगापासून हातभर लांबच उभी होती. मग हळूच म्हणाली, "मी हात लावू व्हय हिला?"

आण्णा तिच्याकडं बघतच राहिले. हा प्रश्न त्यांच्या मनात कधी आलाच नव्हता. "आता ती तालमीत हाय कुठं?" ते म्हणाले. "तुझ्या दारात आलीया. लाव की."

आईनं वाकून दोन बोटांनी चिमूट उचलली आणि कपाळाला लावली. मी पुस्तक घेऊन पडवीत बसले होते, परीक्षा तोंडावर होती, पण त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांपुढून एक ओळ सरकली नाही.

आण्णांनी मोगऱ्याच्या बुंध्याभोवती ती सगळी माती रचली. नुसती पसरली नाही. हौदात करत तशी पाणी शिंपडून, पायांनी चोपून, हातानं कडा सारखी करून, बुंध्याकडं चढत जाणारा छान गुळगुळीत ओटा केला. देवाच्या पारासारखा दिसत होता. येणारा-जाणारा थांबून बघायचा. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक न सांगितलेला नियम झाला: त्या ओट्यात खुरपं घालायचं नाही. एरवी आई आठवड्याला मोगऱ्याची माती भुसभुशीत करायची, शेणखत कालवायची. पण कपाळाला लावलेल्या मातीत लोखंड कसं घालायचं? आणि शेण? छे. ती फक्त वरून पाणी घालायची, तेही चप्पल काढून.

मग ऊन आलं.

कोल्हापूरचं ऊन तसं भांडकुदळ असलं तरी मनाचं वाईट नाही. चार दिवस तापतं, मग पन्हाळ्याच्या बाजूनं ढग येतात, वळवाचा सपाटा होतो, आणि सगळं गार. त्या वर्षी ढग यायचे, पन्हाळ्यावर टेकायचे आणि तिथूनच कुठं तरी निघून जायचे. दुपारी पडवीचा पत्रा तडतड वाजायचा. पितळेची घागर उन्हात राहिली तर हाताला चावायची. बोळातली कुत्री गटारीच्या ओलाव्यात पोट टेकून पडलेली. म्हशी रंकाळ्यातून बाहेर यायला तयार नसत, गवळी काठावरून शिव्या घालून घालून थकत. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं. अशा दिवसांत झाड जगवायचं म्हणजे घरातल्या प्रत्येक थेंबाचा माग काढायचा.

आईनं तो काढला. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, पाहुण्याच्या पेल्यात उरलेलं पाणी, सगळं एका बादलीत. दुपारी पाणी घालायचं नाही, मुळं शिजतात. सूर्य डोकं वर काढायच्या आत एकदा आणि दिवेलागणीला एकदा. तिच्या जुन्या लुगड्याचं छत मोगऱ्यावर बांधलं. आण्णांनी मार्केटातून गोणपाटं आणली, ती पाणी मारून पश्चिमेच्या अंगाला टांगली. त्यांना गुळाचा अंश लागलेला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यावर मुंग्यांची रांग आणि गांधीलमाश्यांचं गाणं. आई ओरडली, "झाडाला सावली आणलीसा का जेवणावळ?" ती गोणपाटं पुन्हा धुवावी लागली. धुतलेलं पाणीही अर्थात मोगऱ्यालाच. आण्णा अंघोळीचा दगड उचलून मोगऱ्याशेजारी घेऊन गेले आणि साबण सोडला, म्हणजे अंघोळीचं पाणी झाडाला चालेल. घामाच्या कामाचा माणूस, तो ऐन उन्हाळ्यात बिनसाबणाचा राहिला.

एवढं करून मोगरा पिवळा पडू लागला.

आधी खालची पानं. मग कळ्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या व्हायच्या आणि तशाच गळायच्या. आई रोज सकाळी त्या वेचायची आणि पदराच्या टोकात बांधून ठेवायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. भिंतीपलीकडच्या शिवाक्का आमच्याकडं डोकावायच्या. त्यांचं कापडाचं दुकान होतं, माणसं मूळची सीमेकडची, मराठीत मधूनच कन्नड यायची.

"यव्वा! काय ग पारू, नजर लागली की मोगऱ्याला!" त्या भिंतीवर हनुवटी टेकून म्हणायच्या. "मी तर माज्या पपईला एक तांब्या घालत न्हाई, आणि बघ की, कशी आलीय. झाडाला सवय लावली की ते मागत बसतंय. तुज्या नवऱ्यासारखं."

"माझा नवरा काय मागत न्हाय," आई म्हणायची. "मागायला शिकला असता तर हमाली केली नसती."

नजरेचा उपाय झाला. मीठमिरच्या ओवाळून चुलीत गेल्या. आण्णांचं निदान वेगळं होतं. ते ओट्यापाशी उकिडवे बसून मातीवर तळहात फिरवायचे. "मातीची उपासमार हुतीया," ते म्हणाले. "हिला सवय हाय खायची. नुसत्या पाण्यावर कशी ऱ्हाईल?" आणि शनिवारी, तालमीत देत तसा, त्यांनी मातीला तिचा खुराक दिला. हळद भुरभुरली, घरातलं ताक ओतलं, वरून तेलाची वाटी. मग ते दर शनिवारी. आमच्या भाजीला त्या दिवसांत फोडणी बारीक झाली. तेल पडलं की ओटा असा चकाकायचा की वाटे, आता फुटेल, आता उद्या नक्की पालवी दिसेल.

मी पहाटे उठून त्याच्याशेजारी अभ्यासाला बसायचे. आमच्या घराण्यात बी.ए.च्या परीक्षेला बसणारी मी पहिलीच. आण्णा मोठ्यानं खोकायचे नाहीत, आई भांडी वाजू द्यायची नाही. पुस्तकावरून नजर काढली की मोगरा दिसायचा. लुगड्याच्या छताखाली, ओल्या तांबड्या ओट्यावर, सगळ्या सेवा घेत, रोज थोडा थोडा वाळणारा. इतकं पाणी पिऊन कुणी तहानेनं कसं मरेल? मला कळत नव्हतं. दरवर्षी पेपरला जाताना आई माझ्या वेणीत मोगरा माळायची. त्या वर्षी पहिल्या पेपरला ती झाडाभोवती फिरून फिरून दमली, आणि शेवटी माझ्या वेणीवरून नुसता हात फिरवून म्हणाली, "जा. वेळ हुईल."

शेवटच्या पेपराच्या संध्याकाळची गोष्ट. मी नुकतीच घरी आले होते. नळ आला होता. आई कमरेवर घागर घेऊन मोगऱ्याकडं गेली, एक ओतली, दुसरी ओतली. तिसरी ओतताना तिचा ओला पाय घसरला आणि घागरीचं बूड ओट्याच्या कडेवर आपटलं.

कडेचा ढलपा सुटला. जाडीला भाकरीएवढा. वरून तांबडा, ओला, तेलकट. तो खाली पडला आणि त्याच्या मागून धूळ बाहेर आली.

धूळ. आताच दोन घागरी पाणी प्यालेल्या मातीच्या पोटातून, गिरणीच्या तोंडातून पीठ उडावं तशी, कोरडी धूळ. ती आईच्या ओल्या पायांवर बसली आणि तिथं तिचा चिखल झाला.

मग आईनं खाली बसून त्या भोकात हात घातला. मनगटापर्यंत गेला, कोपराजवळ गेला.

"गरम हाय ग, सुमे," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "आत गरम हाय."

मी वाकून पाहिलं. दोन महिने ओतलेल्या पाण्याचा ओलावा त्या भाकरीएवढ्या सालीतच होता. त्याखाली एक थेंब गेला नव्हता. एका मागोमाग आठवायला लागलं: पहाटेच्या बादल्या, तांदळाचं पाणी, बिनसाबणाच्या अंघोळी. मग ते पाणी गेलं कुठं? घागरीत उरलेलं पाणी मी ओट्यावर सोडलं. ते थांबलं नाही. गुळगुळीत उतारावरून पाऱ्यासारखं घरंगळलं, कडेनं भिंतीकडं वळलं, आणि भिंतीच्या तळाशी विटांमध्ये जी फट होती, तीतून चूपचाप पलीकडं गेलं. मी अंघोळीच्या दगडावर चढून भिंतीपलीकडं पाहिलं.

शिवाक्कांची पपई काळ्याभोर चिखलात उभी होती. एक तांब्या पाणी न घातलेली. पानं छत्रीएवढी, खोडाला गच्च फळं. एरवी मला हसू आलं असतं. तेव्हा मी दगडावरून खाली उतरले.

"शिवाक्काला सांगू नको," आई म्हणाली. "बिचारी झाड उपटून टाकंल." आणि मग, एकदम घाईनं, ढलपा उचलून भोकावर लावायला लागली. "झाक हे. पाणी मार, लिंपून टाकू. आण्णा यायच्या आत."

मी तिच्याकडं बघत राहिले. तिचं झाड मरत होतं, तिच्या हातून वाहिलेल्या सगळ्या पाण्याची माती झाली होती, आणि तिला चिंता ही, की आण्णांना ते दिसू नये.

पण ढलपा बसेना. आणि आण्णा दारातच उभे होते.

खांद्यावरचं पोतं तसंच ठेवून आण्णा आत आले, उकिडवे बसले, भोकातली मूठभर माती काढली. तांब्या मागितला. मुठीतल्या मातीवर पाणी ओतलं. पाण्याचे मणी झाले. धुळीचं पांघरूण घेऊन मणी त्यांच्या तळहातावरून घरंगळले आणि खाली पडले. माती कोरडीच. त्यांनी पुन्हा ओतलं. पुन्हा मणी.

"ही पाणी पित न्हाय," ते म्हणाले. मग मूठ झाडून, "पिणार कशी? मीच तेल पाजलं."

आई म्हणाली, "तुमास्नी काय ठावं?"

"मला न्हाय ठावं तर कुणाला?" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की शिवाक्कांच्या घरातला रेडिओ बंद झाला. मग तेवढाच आवाज खाली आला. "अंगाला चिकटू नये, पाणी धरू नये, चिखल होऊ नये म्हणून तर तेल घालत हुतो की हौदात. जन्मभर घातलं. आणि झाडाला घालताना ध्यानात आलं न्हाय."

मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. ते नुसते हाताकडं बघत बसले. मी आजवर पाहिलेल्या रडण्यापेक्षा ते बघणं वाईट होतं. ज्या मातीनं त्यांना माणूस केलं, जी त्यांनी आपल्याकडची सगळ्यात चांगली वस्तू म्हणून बायकोच्या दारी पाठीवर वाहून आणली, तिनंच बायकोचं झाड धरून कोंडून ठेवलं होतं.

उजेड होता तोवरच त्यांनी खुरपं मागितलं. लोखंड लावण्याआधी चिमूट कपाळाला लावली आणि मग ओटा फोडला. सगळी तांबडी माती पोत्यात भरली. खालची जुनी काळी माती भेगाळून दगड झालेली. तिला पाणी दिलं तेव्हा ती अशी आवाज करून प्यायली की आई तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

त्यानंतरचे दिवस म्हणजे एका नखाची गोष्ट आहे. रोज सकाळी आई मोगऱ्याची साल नखानं थोडी खरवडून बघायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. आधी शेंड्याकडं हिरवं संपलं. मग मधल्या फांद्यांत. ती रोज थोडी खाली सरकायची, आणि आम्ही तिच्या पाठीकडं बघून ओळखायचो. आण्णा कामावर जायच्या आधी दारात थांबत. "काय?" ते विचारत. "हाय अजून," आई म्हणे. हिरवं नसलं तरी म्हणे, हे मला नंतर कळलं. कारण एके दिवशी ती आत गेल्यावर मी तीच जागा खरवडून पाहिली. लाकूड होतं. कोरडं, पांढरं.

ढग पन्हाळ्यावर येऊन परत जात राहिले. मोगरा गेला.

आता मी मुलांना शिकवते. वर्गात सगळ्या माना एकदम डोलतात तेव्हा मला आनंद होण्याऐवजी धसका बसतो, आणि मी फळा पुसून धडा पुन्हा पहिल्यापासून घेते. लोकांना वाटतं बाई चिकट आहेत. असेनही. मला जे काही मिळालं ते खोल जिरलं, याचं श्रेय माझं नाही. पहाटे न खोकणाऱ्या माणसाचं आणि भांडी न वाजवणाऱ्या बाईचं आहे. त्यांनी झाडावरही तेवढीच माया केली होती. तिथं ती पोचली नाही, माझ्यापर्यंत पोचली. यात न्याय कुठला, हे मला अजून उमगलेलं नाही.

पण त्या उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा धक्का तो ढलपा नव्हता. तो यायचा होता.

शिवाक्का लगीनसराईसाठी माहेरी गेल्या होत्या, त्या मे महिना सरता सरता परत आल्या. सकाळी भिंतीवर हनुवटी टेकवायला गेल्या आणि किंचाळल्या. "यव्वा! पारू! मोगरा कुठाय ग?" मग भिंतीवरून नाही, दारातूनच आल्या. अंगणात नुसता खड्डा, शेजारी तोंड बांधलेली पोती. आण्णा पडवीत भाकरी खात होते. मी वाढत होते.

"एवढं पाणी घालत हुतीस ग बाई," शिवाक्का म्हणाल्या. "सकाळ-संध्याकाळ. मी बघत हुते की. एवढं करून गेला कसा?"

माझी आई खरं बोलणारी बाई. तोंडावर बोलणारी. आण्णांनी मार्केटातून खराब गूळ आणला तर बोळभर ऐकू जाईल असं सुनावणारी. आपल्या सख्ख्या भावाला भर लग्नात खोटारडा म्हणणारी. मी पातेलं हातात धरून उभी राहिले. आण्णांचा घास हातात थांबला.

"ऊन," आई म्हणाली. "यंदाचं ऊनच तसलं हुतं."

"उन्हानं बाकीचं न्हाई गेलं? माजी पपई..."

"शिवाक्का," आण्णा मधेच बोलले. घास ताटात ठेवला, मान वर केली. "ऊन न्हाय. माती मी घातली. तालमीची. तिच्यानं..."

"गप बसा की," आई म्हणाली. ती त्यांच्याकडं बघतही नव्हती. ती खड्ड्याकडं बघत होती, आणि तिचा आवाज इतका साधा होता की कुणालाही खरा वाटावा. "शिवाक्का, ह्यांचं काय ऐकती? ह्यास्नी झाडातलं काय कळतंय? ऊनच हुतं ते."